सफाईचे शुल्क आणि सफाईची मजुरी

प्रवासखर्चाच्या हिशेबात गेल्या काही वर्षांत एका नव्या बाबीची भर पडली आहे. खोलीचे भाडे, जेवणखाण आणि वाहन या जुन्या बाबींच्या जोडीला 'सफाई शुल्क' या नावाची निराळी रक्कम पावतीवर दिसू लागली आहे. हॉटेलात उतरणाऱ्या माणसाला हा प्रकार अपरिचित आहे; कारण तेथे झाडलोट, धुतलेल्या चादरी आणि स्वच्छ न्हाणीघर यांचा खर्च भाड्यातच धरलेला असतो. परंतु स्वतःचे घर, शेतावरचा बंगला किंवा गावातील दोन खोल्या थोड्या दिवसांसाठी प्रवाशांना देण्याची प्रथा २००८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झालेल्या एअरबीएनबीसारख्या कंपन्यांमुळे जगभर फोफावली आणि तिच्या पाठोपाठ हे शुल्कही आले. रक्कम वरवर पाहता क्षुल्लक वाटते. परंतु ती का घ्यावी, किती घ्यावी आणि मुख्य म्हणजे ती अखेर कोणाच्या हाती पडावी, हे प्रश्न विचारू लागले की अर्थशास्त्रातील काही जुन्या प्रश्नांशी गाठ पडते. नागझिऱ्यासारख्या ठिकाणी तर हे प्रश्न अधिकच उघडे दिसतात.

एका रात्रीचा मुक्काम

नागझिरा हे नाव मराठी वाचकाला व्यंकटेश माडगूळकरांच्या त्याच नावाच्या पुस्तकामुळे परिचित आहे. १९७० साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे जंगल त्या काळी भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा निराळा झाला आणि डिसेंबर २०१३मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. साकोलीच्या बाजूने पिटेझरी आणि तिरोड्याच्या बाजूने चोरखमारा ही जंगलात शिरण्याची दोन परिचित द्वारे. जंगलातील फेरी सकाळी एक आणि दुपारनंतर एक अशी असते. सकाळच्या फेरीसाठी पहाटेच द्वारापाशी हजर राहावे लागते. नागपूरहून साकोली सुमारे शंभर किलोमीटर आहे. एवढे अंतर तोडून उजाडण्यापूर्वी पोचणे मुलाबाळांसह निघालेल्या कुटुंबाला कठीण; म्हणून आदल्या रात्री जवळपास कोठेतरी पाठ टेकणे ओघानेच येते.

येथील प्रवासाचे स्वरूपच असे आहे की मुक्काम एका रात्रीचा, फार तर दोन रात्रींचा असावा. दुपारची फेरी, रात्रीचा मुक्काम, सकाळची फेरी, जेवण आणि परतीची वाट, असा हा क्रम. समुद्रकाठच्या किंवा थंड हवेच्या ठिकाणी कुटुंबे चार-सहा दिवस राहतात. जंगलाच्या काठावर तसे राहण्याचे प्रयोजन थोड्यांनाच असते. मुक्काम जितका आखूड, तितका सफाईच्या शुल्काचा प्रश्न तीव्र होतो.

शुल्कामागील तर्क

हे शुल्क म्हणजे सरळसरळ लूट, असे म्हणून विषय संपवणे सोपे आहे. पण ते बरोबर होणार नाही. खोलीच्या खर्चाचे दोन भाग असतात. एक भाग रात्रींच्या संख्येबरोबर वाढतो. वीज, पाणी, चहा, राखणदाराचा वेळ हे त्यात येतात. दुसरा भाग रात्रींवर अवलंबून नसतो. तो पाहुण्यांच्या फेरपालटावर अवलंबून असतो. पाहुणा एक रात्र राहिला काय किंवा चार रात्री राहिला काय, तो गेल्यानंतर चादरी, अभ्रे आणि टॉवेल धुवावे लागतात, फरशी पुसावी लागते, न्हाणीघर घासावे लागते, केरकचरा उचलावा लागतो. एक खोली महिन्यातील चोवीस रात्री भरलेली आहे असे धरू. चार-चार रात्री राहणारी सहा कुटुंबे आली, तर अशी मोठी सफाई सहा वेळा होईल. एक-एक रात्र राहणारी चोवीस कुटुंबे आली, तर ती चोवीस वेळा होईल. दोन्ही वेळी भाड्याचे उत्पन्न तेवढेच, सफाईचा खर्च मात्र चौपट.

असा खर्च वसूल करण्याची रीत आपल्याला नवी नाही. विजेच्या देयकावर 'स्थिर आकार' निराळा आणि वापरलेल्या युनिटांचा आकार निराळा असतो. रेल्वेचे आरक्षण शुल्क वर्गानुसार बदलते, अंतरानुसार बदलत नाही. अर्थशास्त्रात याला द्विभागी दर म्हणतात. ज्या ग्राहकामुळे जो खर्च उद्भवतो, तो त्याच्याकडूनच घ्यावा, हे त्यामागचे सूत्र. सफाईचा सगळा खर्च दररोजच्या भाड्यात मिसळला, तर चार रात्री राहणारे कुटुंब एका रात्रीच्या पाहुण्याच्या सफाईचा भार वाहते. त्या दृष्टीने पाहता निराळे शुल्क अधिक न्याय्य ठरते.

पण याच तर्काची दुसरी बाजूही आहे. खोलीचे भाडे रात्रीला २,००० रुपये आणि सफाई शुल्क ५०० रुपये असे उदाहरणादाखल धरू. चार रात्री राहणाऱ्याला हे शुल्क भाड्याच्या सव्वासहा टक्के पडते. एक रात्र राहणाऱ्याला ते पंचवीस टक्के पडते. एक रात्र राहणारा माणूस बहुधा तो असतो, ज्याला अधिक रात्री राहणे परवडत नाही किंवा ज्याला शनिवारी दुपारी निघून सोमवारी सकाळी शाळेत वा कचेरीत हजर व्हावयाचे असते. शुल्काचा सर्वांत मोठा भार अशा रीतीने सर्वांत लहान सहलीवर पडतो. म्हणून शुल्क घेणे तत्त्वतः योग्य म्हटल्यावरही ते खऱ्या खर्चाइतकेच आहे ना, याची चौकशी आवश्यक ठरते. वरच्या उदाहरणात धुलाईला १२० रुपये, साबण-फिनेलसारख्या वस्तूंना ५० रुपये आणि झाडणाऱ्या-पुसणाऱ्या बाईच्या मजुरीला ८० रुपये लागतात असे धरले, तर खरा खर्च २५० रुपये होतो. उरलेले २५० रुपये म्हणजे सफाईच्या नावाने घेतलेले भाडेच होय.

किंमत केव्हा सांगावी

भाडे भाडे म्हणून न घेता सफाईच्या नावाने घेण्यात मालकाला लाभ कोणता? तो ग्राहकाच्या तुलना करण्याच्या सवयीत दडलेला आहे. खोली शोधणारा माणूस प्रथम भाड्याचे आकडे शेजारी शेजारी ठेवतो आणि लहान आकडा निवडतो. नाव, पत्ता, दिवस भरून झाल्यावर शेवटच्या टप्प्यात सफाई शुल्क, सेवा शुल्क आणि कर यांची भर पडते. तोपर्यंत मनाने निर्णय झालेला असतो आणि पुन्हा पहिल्यापासून शोध घेण्याचा कंटाळा येतो. नागझिऱ्यासारख्या ठिकाणी तर पर्यायही मोजकेच. जंगलफेरीचे आरक्षण आधी झालेले असते; द्वाराजवळच्या चार-दोन निवासांपैकीच एक निवडावयाचा असतो. अशा अडलेल्या ग्राहकाकडून मागाहून पाचशे रुपये काढणे कठीण नसते.

जगात या प्रथेविरुद्ध बरेच काही घडले आहे. युरोपीय आयोगाने आणि तेथील ग्राहक-संरक्षण यंत्रणांनी २०१८ साली एअरबीएनबीकडे किमतीच्या मांडणीत सुधारणा मागितली. २०१९पर्यंत त्या कंपनीने तेथे सफाई शुल्कासह एकूण किंमत आरंभीच दाखवण्याचे मान्य केले. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाचा नियम १२ मे २०२५ रोजी अमलात आला. अल्पमुदतीचे निवास आणि कार्यक्रमांची तिकिटे या दोन क्षेत्रांत सक्तीच्या सर्व शुल्कांसह एकूण किंमत प्रथमच सांगणे त्याने बंधनकारक केले. भारतातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या मांडणीचे तेरा प्रकार निषिद्ध ठरवले, आणि थेंबाथेंबाने किंमत वाढवत नेणे हा त्यांतील एक आहे. म्हणजे नियम आहे. तो साकोली-तिरोड्याच्या रस्त्यावरील लहान निवासापर्यंत पोचावयाचा आहे एवढेच.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. यांपैकी कोणत्याही नियमाने सफाई शुल्क घेण्यास मनाई केलेली नाही. ते आधी सांगा, एवढेच ते म्हणतात. आपल्या रेल्वेने दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. वातानुकूल डब्यातील चादर, उशी आणि घोंगडीचा आकार भाड्यातच धरलेला असतो. २००६ साली सुरू झालेल्या गरीबरथात मात्र भाडे कमी ठेवून अंथरूण-पांघरुणाचे पैसे निराळे ठेवण्यात आले आणि ज्याला ते नको असेल त्याला न घेण्याची मुभा राहिली. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत, कारण प्रवाशाला आपण कशाचे पैसे देतो हे आधी कळते. आपल्या धर्मशाळांची रीतही या अर्थाने प्रामाणिकच होती. उतरणाऱ्याने आपली खोली आपणच झाडावी आणि जाताना यथाशक्ती दान द्यावे, असा तेथील साधा व्यवहार. पाहुण्याकडून शुल्कही घ्यावे आणि चादरी काढून ठेवा, भांडी घासा, कचरा बाहेर नेऊन टाका असे फर्मानही भिंतीवर लावावे, ही तिसरी रीत मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही. परदेशांतील प्रवाशांची मुख्य तक्रार तीच आहे.

ग्राहकापलीकडचा प्रश्न

आजवरची चर्चा जवळजवळ सगळी ग्राहकाच्या बाजूने झाली. किंमत उघड झाली, ग्राहकाची फसवणूक टळली, की प्रश्न सुटला असे मानले जाते. परंतु शुल्काला ज्या कामाचे नाव दिले आहे, ते काम करणारी व्यक्ती या चर्चेत कोठेच नाही. पाहुणा 'सफाई'चे पैसे देतो, तेव्हा ते सफाई करणाऱ्या बाईला मिळतात अशी त्याची स्वाभाविक समजूत असते. तसे सांगणारा शब्द मात्र पावतीवर नसतो.

अशाच समजुतीचा लाभ उपाहारगृहांच्या सेवा शुल्काला मिळत आला. ते शुल्क नोकरांसाठी आहे, असे मालकांचे सांगणे असे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून ते देयकात आपोआप जोडण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना उचलून धरल्या. त्या वादातून ग्राहकाचा हक्क स्पष्ट झाला. पण वाढप्याला वेतन किती मिळावे, हा प्रश्न जेथे होता तेथेच राहिला. सफाई शुल्काच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होण्याचा संभव आहे.

नागझिऱ्याच्या भोवतालच्या गावांतील स्त्रियांच्या दृष्टीने हा प्रश्न गौण नाही. हा झाडीपट्टीचा प्रदेश. धान, तलाव आणि जंगल यांवर येथील संसार चालतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचावयाची, एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात तेंदूपाने तोडावयाची, पावसाळा लागला की रोवणीला जावयाचे, आणि मधल्या दिवसांत अनेक घरांतून विड्या वळावयाच्या, असे स्त्रीच्या वर्षाचे वेळापत्रक असते. यांतील बरीच कामे नगावर मोजली जातात. तेंदूपानांचा दर शेकड्याने पुड्यांवर ठरतो; विडीचा दर हजारावर ठरतो. हे दर पुरेसे आहेत असे कोणी म्हणणार नाही. पण ते जाहीर असतात, त्यांवर भांडता येते. घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानणारा कायदा १९६६ साली झाला. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोली आणि गोंदिया जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी तेंदूपानांचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला. थोडक्यात, जंगलातल्या पानाला दर आहे आणि तो सर्वांना ठाऊक आहे. जंगलाकाठच्या खोलीच्या सफाईला मात्र पाहुण्यासाठी दर आहे, करणारीसाठी नाही.

त्यात आणखी एक अडचण. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर जनावरे दिसतात, म्हणून प्रवाशांची मोठी गर्दी एप्रिल-मेमध्ये होते. मोहफुलांचा शेवट आणि तेंदूचा हंगाम हाही त्याच आठवड्यांतला. म्हणजे खोल्या झाडण्यासाठी बाईला सर्वाधिक मागणी असते, तेव्हाच तिच्या वेळेचे मोलही सर्वाधिक असते. तेंदूची सकाळ सोडून ती खोल्यांकडे वळली, तर सोडलेली मिळकत हा तिच्या दृष्टीने खर्चच होय. पावसाळ्यात जंगल पर्यटनाला बंद असते; त्या महिन्यांत खोल्याही रिकाम्या राहतात.

मालकाचा तर्क मजुरालाही लागू

आता मजुरीच्या हिशेबाकडे वळू. दिवसभरात एक बाई पाच खोल्या करू शकते आणि दिवसाची मजुरी ४०० रुपये आहे असे उदाहरणादाखल धरले, तर खोलीमागे ८० रुपये पडतात. पाचही खोल्या रिकाम्या झाल्या, तर तिला ४०० रुपये मिळतील. परंतु मंगळवारी-बुधवारी एकच पाहुणा गेला, तर ८० रुपये मिळतील. गावाहून येणे-जाणे तेवढेच, दुसऱ्या कामाला जाण्याची संधी तितकीच गेलेली, आणि हाती मात्र ८० रुपये. खोल्या भरण्या-न भरण्याचा धोका हा धंद्याचा धोका आहे; नगावरच्या मजुरीत तो मालकाच्या खांद्यावरून उतरून बाईच्या खांद्यावर जातो.

मालक पाहुण्याला काय सांगतो, ते या ठिकाणी आठवावे. 'तुम्ही एकच रात्र राहिलात, तरी माझा काही खर्च ठरलेलाच आहे. म्हणून रात्रींच्या भाड्याखेरीज एक स्थिर रक्कम द्या.' हा युक्तिवाद योग्य आहे, हे वर मान्य केलेच आहे. पण मग तो बाईच्या तोंडीही तितकाच योग्य ठरतो. 'तुमची एकच खोली झाडावयाची असली, तरी माझे येणे ठरलेलेच आहे. म्हणून खोलीमागच्या मजुरीखेरीज एक स्थिर रक्कम द्या.' द्विभागी दर मालकाने पाहुण्याकडून घ्यावा आणि त्याच कामाची मजुरी मात्र निव्वळ नगावर द्यावी, यात तर्काची सुसंगती नाही.

वरच्याच उदाहरणात येण्याची हजेरी १५० रुपये आणि खोलीमागे ५० रुपये असा दर ठेवला, तर पाच खोल्यांच्या दिवशी तिला पूर्वीप्रमाणेच ४०० रुपये मिळतील. एका खोलीच्या दिवशी ८०च्या ऐवजी २०० रुपये मिळतील. भरलेल्या दिवशी मालकाला एक पैसाही अधिक द्यावा लागत नाही. रिकाम्या दिवशीचे जे १२० रुपये अधिक जातात, ते ५०० रुपयांच्या शुल्कातून सहज देता येतात. एवढेही देणे परवडत नाही असे म्हणणाऱ्याने शुल्काला सफाईचे नाव देऊ नये.

हे केवळ औदार्याचे आवाहन नव्हे. नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या हिशेबाने किमान मोबदल्याची हमी असावी, हे तत्त्व १९४८च्या किमान वेतन कायद्यातच आले होते. कामगार काम करण्यास तयार असूनही मालकाने त्याला पुरेसे काम दिले नाही, तर ठरलेल्या अपवादांखेरीज त्याला पूर्ण दिवसाचे वेतन मिळावे, अशीही तरतूद त्यात होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आलेल्या २०१९च्या वेतन संहितेतही ही दोन्ही तत्त्वे कायम आहेत. दोन-चार खोल्यांच्या निवासात कोणी निरीक्षक येऊन हे तपासील अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे होईल. पण कायद्याने मान्य केलेले तत्त्व काय आहे, हे तरी मालक, मजूर आणि पाहुणे या तिघांना ठाऊक असावे.

घरच्या लक्ष्मीचा हिशेब

सर्वच निवास मोठ्या भांडवलाचे नसतात, हा आक्षेप खरा आहे. जंगलाकाठच्या किंवा कोकणातील अनेक घरगुती निवासांत सफाई करणारी कोणी मजूर नसतेच. घरची बाईच पाहुण्यांचा स्वयंपाक करते, चादरी धुते आणि खोली सारवते किंवा पुसते. तेथे शुल्क कोणाला द्यावयाचे?

खरे पाहता अशा घरांत निराळ्या शुल्काचे महत्त्व अधिकच आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणीत, घरातील बिनमोबदल्याच्या कामांत भाग घेणाऱ्या स्त्रियांचे २०१९ साली दररोज सरासरी २९९ मिनिटे त्या कामांत जात असल्याचे आढळले, पुरुषांची ९७. २०२४च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ होते. घरात पाहुणे ठेवले की या कामात भरच पडते. त्याचे उत्पन्न मात्र घरमालकाच्या नावाने जमा होते. सफाईची रक्कम निराळी लिहिली आणि ती काम करणारीच्या खात्यात गेली, तर जे काम आजवर हिशेबात नव्हते ते निदान कागदावर येईल. राज्य शासनाने २०२३ साली महिलांसाठी 'आई' नावाचे पर्यटन धोरण जाहीर केले. स्त्रीने उद्योग सुरू करावा, हे त्याचे उद्दिष्ट स्तुत्य आहे. जो उद्योग तिच्या श्रमावर आधीच चालला आहे, त्यात तिचा वाटा दिसावा हे त्याहून निकडीचे आहे.

दुसरा आक्षेप पाहुण्याच्या बाजूने येईल. मजुरी वाढली की शुल्क वाढेल आणि गरीब मध्यमवर्गीयाची सहल महागेल. पण वरच्या उदाहरणातील २५० रुपये पुन्हा आठवावेत. आधी सांगितलेले आणि खर्चाशी जुळणारे शुल्क ठेवले, तर मजुरी वाढूनही पाहुण्याचा बोजा वाढण्याचे कारण नाही; किंबहुना तो कमी होऊ शकतो. वाढेल तो उघडपणा, आणि घटेल ती सफाईच्या नावाखाली लपलेली भाडेवाढ. पाहुणा आणि मजूर यांचे हित येथे परस्परविरोधी नाही.

खोलीबाहेरची सफाई

खोली स्वच्छ झाली म्हणजे सफाई संपली असेही नाही. खोलीतून निघालेला केर, प्लास्टिकच्या बाटल्या आणि साबणाचे पाणी जाते कोठे? 'झिरा' म्हणजे जमिनीतून झिरपून वर येणारे पाणी. ज्या जंगलाच्या नावातच पाणी आहे, त्याच्या काठी शेकडो चादरी धुतल्या जाणार असतील, तर ते पाणी नाल्यात जाते की शोषखड्ड्यात, ही बाब मालकाच्या खासगी मर्जीवर सोडता येणार नाही. हा खर्च कोणाच्याही पावतीवर नसतो. तो ग्रामपंचायतीच्या आणि जंगलाच्या माथी पडतो.

माथेरानमध्ये नगरपरिषद येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडून प्रवासी कर घेते. ज्या गावाचा आपण चार घटका उपभोग घेतो, त्या गावाच्या देखभालीचा काही भाग आपण द्यावा, ही त्यामागची कल्पना आहे आणि ती दारातच सांगितली जाते. जंगलाकाठच्या लहान ग्रामपंचायतींनाही सफाई शुल्काचा एखादा अंश मिळण्याची व्यवस्था झाली, तर कचऱ्याची गाडी आणि शोषखड्डे यांची सोय होऊ शकेल. मात्र त्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढे वाचला गेला पाहिजे. नाहीतर पावतीवर आणखी एका शुल्काची भर पडेल, एवढेच.

मार्गदर्शकाचे उदाहरण

हे सारे व्यवहारात उतरेल काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर जंगलाच्या द्वारापाशीच आहे. जंगलफेरीच्या खर्चात प्रवेश शुल्क, वाहनाचे भाडे आणि मार्गदर्शकाचे शुल्क ही निरनिराळी दाखवली जातात. मार्गदर्शक हा बहुधा भोवतालच्या गावातला तरुण असतो, अलीकडे तरुणीही असतात. त्याचे शुल्क किती, हे प्रवाशाला आधी ठाऊक असते. ते त्याच्यासाठीच आहे, हेही ठाऊक असते. त्यामुळे कोणी नाराज झाल्याचे दिसत नाही. उलट, आपण दिलेल्या पैशातून या गावातल्या माणसाचे काही बरे होते, याचे समाधानच प्रवाशाला वाटते. वाघाचा माग दाखवणाऱ्याला जो मान आणि जो ठरलेला दर मिळतो, तो पाहुण्याची चादर धुणारीला का मिळू नये?

त्यासाठी मोठ्या कायद्याची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. गावातील निवासचालक, सफाईचे काम करणाऱ्या स्त्रिया आणि ग्रामसभा यांनी हंगामाच्या आरंभी, ऑक्टोबरपूर्वी, एकत्र बसून हजेरीचा आणि खोलीमागचा दर ठरवावा, जसा तेंदूचा ठरतो. प्रत्येक निवासाच्या दर्शनी भागात एक फलक असावा. खोलीचे भाडे, सफाईचे शुल्क, दोहोंची बेरीज आणि सफाईच्या शुल्कापैकी मजुरीचा भाग, या चार ओळी त्यावर पुरेत. नोंदणी घेणाऱ्या कंपन्यांनीही एकूण किंमत प्रथम दाखवावी. आणि पाहुण्याने खोली ठरवताना, भाडे किती या प्रश्नाच्या जोडीला सफाई करणारीला किती मिळते, हाही प्रश्न विचारावा. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी हेच येथे येणारे बहुसंख्य पाहुणे. आपल्या वेतनश्रेणीचा आणि महागाई भत्त्याचा हिशेब ज्यांना तोंडपाठ असतो, त्यांना हा प्रश्न विचारणे जड जाऊ नये.